सापाला आग्रह करता येत नाही

घरात साप आहे म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात, चावतो का आणि खातो काय. कशावर खातो हे आजपर्यंत एकानेही विचारलेलं नाही, आणि माझ्या मते खरी गंमत तिथंच आहे. आमचा साप ज्या पेटीत राहतो तिच्या तळाला नारळाच्या सोडणाचे तुकडे अंथरलेले असतात, पाळणारी मंडळी त्याला कोको चिप्स म्हणतात. आता सापाला हात नाहीत, चावून खायची सोय नाही, तोंडात धरलं ते अख्खं आत. मग उंदराबरोबर चार तुकडे सोडणही आत गेलं तर? मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला गेला, साप माझ्या गळ्यात पडला (शब्दशः नाही, ती हौस मला नाही) आणि त्याच्याबरोबर हा प्रश्नही.

आधी ओळख करून देतो. जात बॉल पायथन, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला लहान अजगर, पूर्ण बिनविषारी. घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातून हे साप जगभर पाळायला गेले. घाबरला की पळत नाही, अंगावर येत नाही, स्वतःलाच गुंडाळून डोकं मधोमध लपवतो आणि चेंडू होऊन बसतो. चिरंजीवांनी नाव ठेवलं बटाटा. नंतर कळलं मादी आहे, पण नाव तेच राहिलं, त्यामुळे आमच्याकडे 'बटाटा बाहेर आली का', 'बटाटा पाणी प्यायली का' अशी वाक्यं सर्रास चालतात आणि नव्या माणसाला वाटतं या घराचं व्याकरण बिघडलंय.

कायद्याचंही लगेच सांगून टाकतो, कारण आम्ही राहतो ठाण्यात, येऊरच्या पायथ्याशी, उपवनच्या बाजूला. इथं पावसाळा लागला की पार्किंगमध्ये धामण निघते, नाल्याच्या कडेला दिवड दिसतो, कधीमधी चक्क अजगर येतो, मग सर्पमित्राला फोन, तो येऊन नेतो. हे सगळे आपले साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, घरात ठेवणं गुन्हा आहे, पिल्लू सापडलं, गोंडस दिसलं, घातलं बरणीत असलं काही चालत नाही. परदेशी प्राण्यांचा हिशोब वेगळा. २०२० मध्ये केंद्र सरकारने असे प्राणी बाळगणाऱ्यांना स्वतःहून जाहीर करायला सांगितलं तेव्हा मुलाने माहिती भरली होती, पुढे २०२४ चे नियम आले तेव्हा पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी केली. कागद फाइलमध्ये आहेत, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्यांच्या वर. वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना दाखवून झालेत.

तर सोडण. माझी उभी नोकरी वागळे इस्टेटमध्ये तापमान मोजायच्या उपकरणांत गेली, थर्मोकपल, कंट्रोलर, कॅलिब्रेशन, त्यामुळे कुठल्याही सूचनेला 'का' विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. मुलगा जाताना सूचनांचे कागद ठेवून गेला त्यात एक ओळ होती, 'फीडिंगच्या वेळी सब्स्ट्रेट पोटात जाऊ देऊ नको'. सब्स्ट्रेट म्हणजे पेटीत खाली जे अंथरतो ते. का, आणि गेलं तर काय, याबद्दल एक अक्षर नाही. फोन केला तर म्हणे, "बाबा, तू फक्त जाऊ देऊ नको ना." आजकालची मुलं मॅन्युअल लिहितात पण त्यात ट्रबलशूटिंगचं पान नसतं.

मग मी वाचायला बसलो, आणि त्याच्या दोनचार साप पाळणाऱ्या मित्रांचं डोकं खाल्लं. पहिला प्रश्न साहजिक, की सुटं काही अंथरायचंच कशाला, वर्तमानपत्र घाला खाली, रोज उठून बदला, प्रश्न मिटला. मिटतो, खरंच मिटतो. आजारी सापाला, नुकत्याच आणलेल्या सापाला कागदावरच ठेवतात, विष्ठा दिसते, गोचीड-किडे दिसतात, पोटात काही जायची भानगड नाही. पण हा साप मूळचा उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत दिवस काढणारा (वारूळ ही काही फक्त आपल्या नागोबाची मक्तेदारी नाही), त्याला अंग दाबून बसायला खाली काहीतरी हलणारं, दमट राहणारं लागतं. कागदावर दमटपणा टिकत नाही, आणि हवा कोरडी झाली की कात एकसंध निघायच्या ऐवजी तुकड्या-तुकड्याने निघते, डोळ्यावरची कातेची टोपी तशीच राहते, मग ते निस्तरत बसा.

सुटं घालायचं तर काय घालायचं यात पुन्हा शंभर मतं. सुताराकडचा भुसा फुकट मिळतो म्हणून घालायचा मोह होतो, तो मुळीच घालू नका, त्यात प्लायचा डिंक असतो, वाळवीचं औषध असतं, कुठलं लाकूड ते सुतारालाही आठवत नसतं, आणि देवदार किंवा पाइन असेल तर त्याचा वासच सापाच्या फुफ्फुसाला वाईट. वाळू नको, ती या सापाची जागाच नाही. मक्याच्या कणसाचा भरडा पक्ष्यांच्या दुकानात मिळतो तो तर अजिबात नको, ओलावा लागला की फुगतो आणि पोटात ओलावाच असतो. अस्पेन नावाच्या परदेशी झाडाचा भुसा चांगला, पण बाहेरून येतो, महाग, आणि ठाण्याच्या जुलैत त्याला बुरशी धरते. नर्सरीत विटेच्या आकाराचं कोकोपीट मिळतं ते स्वस्त आणि मस्त, फक्त त्यात मीठ असतं म्हणून धुऊन घ्यावं लागतं, आणि वाळलं की त्याची भुकटी होते, ती ओल्या उंदराला अशी चिकटते की उंदीर ओळखू येत नाही. मी फिरून फिरून चिप्सवर स्थिरावलो, मोठे तुकडे निवडून, लांब रेषे काढून टाकून. आमच्या कोकणातल्या घरी सोडणं चुलीत जायची. इथं मी ती पैसे देऊन विकत घेतो आणि वर निवडत बसतो, हिला ते बघवत नाही.

आता पोटात गेलं तर काय? इम्पॅक्शन म्हणतात त्याला, म्हणजे न पचणारी वस्तू आतड्यात अडकून तुंबणं. इंटरनेटवर वाचलं तर असं वाटतं की एक तुकडा गेला की संपलं. पण जरा विचार करा, आफ्रिकेत त्या बिळात याला कोण ताट-पाट मांडून बसलंय, उंदीर धरला की माती, गवत, मुळं, जे लागेल ते बरोबर जातं. धडधाकट, ऊब मिळणारा, पाणी पिणारा साप एखाददुसरा तुकडा पोटात घेऊन शांतपणे बाहेर टाकतो. अडकतं ते बहुतेक वेळा दुसरंच काही बिघडलेलं असताना, पेटी थंड आहे, साप कोरडा पडलाय, खाणं त्याच्या मानाने फार मोठं दिलंय, किंवा फुगणारी वस्तू अंथरलीय. मला स्वतःला पोटापेक्षा तोंडाची भीती जास्त वाटते. टोकदार कुसळ हिरडीत घुसलं की जखम, जखमेत पू, त्याला माऊथ रॉट म्हणतात. साप तोंड मिटत नाही, लाळेचे बुडबुडे येतात, ओठाशी सूज दिसते, असं काही दिसलं की घरी कापूस-चिमटा घेऊन बसायचं नाही, एक्झॉटिक प्राण्यांचा डॉक्टर गाठायचा. तसंच बरेच दिवस विष्ठा नाही, पोटाचा एक भाग टणक फुगलाय, खाल्लेलं उलटून पडतंय, तर एक्स-रे.

यावर जुना तोडगा असा होता की खायच्या वेळी सापाला उचलून वेगळ्या रिकाम्या डब्यात ठेवायचं, तिथं खाऊ घालायचं, पुन्हा उचलून पेटीत. वर असंही सांगायचे की पेटीतच खायला दिलं तर साप प्रत्येक हाताला उंदीर समजून चावायला लागतो. मला हे पहिल्यापासून पटलं नाही. भरल्या पोटाचा, अजून शिकारीच्या तारेत असलेला साप उचलायचा कोणी? मी? चावायची शक्यता त्याच वेळी सगळ्यात जास्त, आणि उचलताना दचकला तर गिळलेलं सगळं बाहेर काढून टाकतो. उलटी झाली की पुढचे किमान दोन आठवडे त्याला काही द्यायचं नाही, घशाची आणि पोटाची आग शमायला वेळ लागतो. आता बहुतेक अनुभवी मंडळी पेटीतच देतात. हाताचा गोंधळ टाळायला सोपी युक्ती आहे, नुसतं हाताळायचं असेल तेव्हा आधी हुकाने, म्हणजे साप उचलायच्या आकड्याच्या काठीने, अंगाला हलकेच शिवायचं, की आज जेवण नाही. बटाटाला ते कळतं. लगेच जीभ आत घेते.

आमच्याकडे उंदीर येतात डोंबिवलीहून, तिथं एक मुलगा पांढरे उंदीर वाढवतो आणि मारून, फ्रीज करून देतो. जिवंत द्यायचा नाही हे आमचं पक्कं, एक तर ते उंदराच्या दृष्टीने वाईट, आणि दुसरं म्हणजे कोपऱ्यात अडकलेला उंदीर सापाला असा कुरतडतो की टाके घालावे लागतात. साइज बघायचा तो सापाच्या सर्वात जाड भागाइतका, त्याहून फार मोठा नाही. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या शेजारी एक छोटा फ्रीजर आहे, तो फक्त बटाटाचा. हिची पहिली आणि शेवटची अट हीच होती, की माझ्या फ्रीजमध्ये मटार आणि खवलेल्या नारळाच्या बाजूला हे येणार नाही. रास्त आहे. त्या छोट्या फ्रीजरसाठी खर्च झाला त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आदल्या रात्री उंदीर खालच्या कप्प्यात उतरवायचा, म्हणजे सावकाश विरघळतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झिप लॉकच्या पिशवीत घालून पिशवी गरम पाण्यात. पिशवी महत्त्वाची. थेट पाण्यात टाकला की केस भिजतात आणि भिजलेला उंदीर म्हणजे सोडण गोळा करायचं यंत्र. मायक्रोवेव्ह नाही, आतून शिजतो, बाहेरून गार, कधी फुटतो, आणि हे हिला कळलं तर माझी रवानगीही ड्राय बाल्कनीत होईल. पिशवीतून काढला की जुन्या पंचाने खसाखसा पुसायचा, पोटाखाली, पायांच्या मध्ये, नाकाजवळ. सब्स्ट्रेटबद्दल एवढी चर्चा होते पण माझ्या मते नव्वद टक्के काम या पंचाने होतं. शेवटी डोकं तेवढं पुन्हा गरम करायचं, साधारण ३८ अंशाला. बटाटाच्या वरच्या ओठावर बारीक खाचा आहेत, त्यांना ऊब दिसते. अंधारात तिला उंदीर दिसतो तो त्याच्या उष्णतेने. उंदीर गार आणि माझा हात गरम असेल तर ती कोणावर झेप घेईल ते सांगायला इंजिनियर लागत नाही. म्हणून चिमटा चांगला लांब.

आणि खाली कडप्पा. घरातलं किचन नवीन केलं तेव्हा उरलेला कडप्प्याचा तुकडा होता, कडा घासून गुळगुळीत केला आणि तिच्या बिळाच्या, म्हणजे त्या उपड्या घातलेल्या प्लास्टिकच्या टोपल्याच्या, तोंडाशी ठेवला. त्याच्या भोवती रविवारच्या पुरवणीची पानं. तरी सांगतो, हे सगळं मांडून झालं की बटाटा काय करते, ती आतूनच झेप घेते, उंदीर पकडते आणि त्याला ओढून घेऊन जाते आत. सोडणावर. कडप्पा तसाच चकचकीत. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी मुलाला विचारलं की आता? तो म्हणाला, "आता काही नाही. बस."

बसून बघण्यासारखंच असतं ते. झेप दिसतच नाही, फक्त चिप्स उडाल्याचा आवाज येतो आणि चिमटा हलका होतो. उंदराभोवती दोन-तीन वेढे पडलेले असतात. उंदीर मेलेलाच असतो, तरी ती आवळते, पण फार वेळ नाही. बोआ सापांवर २०१२ मध्ये झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की भक्ष्याच्या हृदयाचा ठोका सापाला अंगाने कळतो आणि तो थांबला की साप पकड सोडतो. मग वेढे सैल होतात, जीभ फिरायला लागते, उंदराच्या अंगावरून ती डोकं शोधत जाते, कधी उलट्या बाजूने सुरू करते, शेपटीपर्यंत जाऊन परत फिरते. डोकं सापडलं की जबड्याची उजवी बाजू पुढे, मग डावी, मग उजवी. तिच्या खालच्या जबड्याची दोन हाडं पुढे एकमेकांना जोडलेलीच नाहीत, म्हणून हे जमतं. मानेवरची कातडी ताणते आणि खवल्यांच्या मधली पांढरी त्वचा उघडी पडते. तोंड गच्च भरलेलं असतं तेव्हा श्वास कसा घेते हा माझा प्रश्न होता, त्याचं उत्तर डोळ्यांनी दिसलं, श्वासनळीचं तोंड खालच्या बाजूने पुढे सरकून बाहेर डोकावतं, मिचकावल्यासारखं उघडतं-मिटतं. आणि त्याच्याच बाजूला, खालच्या ओठावर, एक तपकिरी चिप चिकटलेली. माझा जीव त्या चिपमध्ये. हात शिवशिवतो, चिमट्याने एवढीशी काढून टाकावी. उंदीर अर्धा आत गेला, चिप आहे. पाय गेले, चिप आहे. शेवटी शेपटी शेवयाच्या खिरीतल्या लांब शेवईसारखी सुर्रकन आत गेली, बटाटाने टोपल्याच्या कडेला ओठ घासला, चिप खाली पडली. मग दोन मोठ्या जांभया, जबडा जागेवर.

माझं म्हणणं आहे ते इथं येतं. तोंडात सोडण जातं ते मुख्यतः आपल्या आग्रहामुळे. आग्रह ही आपल्या घराघरांत पंगतीतून आलेली गोष्ट, पाहुण्याच्या ताटावर हात आडवा आला तरी वाढणाऱ्याने एक पोळी टाकायचीच. ही लांबून, बेडरूमच्या दारातून बघत असते आणि तिचं सुरू होतं, "अहो, जरा पुढे सरकवा ना, तिला दिसत नसेल. अहो, हलवा की जरा. नाकाला लावून बघा." आता बघा, उंदीर नाकाला लावला की साप मान मागे घेतो. पुन्हा पुढे केला की चिडून किंवा घाबरून झेप घेतो आणि नेम चुकतो. नेम चुकलेली झेप पडते सोडणात, उघड्या तोंडाने. भरला की नाही तोबरा? उंदीर सोडणावरून नाचवला की त्यालाही तेच चिकटतं, आणि मधे पेटीची काच उघडून 'गिळतेय का' बघायला डोकावलं की ती धरलेला उंदीर टाकून देते, तो पडतो सोडणात, मग पुन्हा तोंडात घेते ते सोडणासकट. म्हणजे पंचा झाला, कडप्पा झाला, पुरवणी झाली, आणि हे सगळं आपण हौसेने धुऊन टाकायचं. उंदीर दाखवायचा, एखादवेळ हळूच हलवायचा, घेतला तर ठीक, नाहीतर कडप्प्यावर ठेवून दिवा बंद करून बाहेर यायचं. काही तासांनी बघायचं. नसेल खाल्ला तर टाकून द्यायचा, ठाण्याच्या हवेत तो सकाळपर्यंत ठेवण्यात अर्थ नाही, आणि परत फ्रीजर तर नाहीच.

'नाही खाल्लं' हे पचवायला मात्र जड जातं. बॉल पायथन यासाठी कुप्रसिद्ध आहे, थंडी सुरू झाली की महिनोन् महिने तोंड फिरवून बसतो आणि त्याला काही होत नाही. मोठ्या मादीला तसंही दोन-तीन-चार आठवड्यांतून एकदाच लागतं. वजन करायचं, काट्यावर डबा ठेवून, आणि वजन टिकून असेल तर आपण गप्प. पण बटाटाने खाल्लं नाही की ही अस्वस्थ होते, सारखी विचारते, तोंड उतरलंय का तिचं. सापाचं तोंड उतरलेलं कसं ओळखायचं मला ठाऊक नाही. एकदा तर म्हणाली की तिला तो उंदीरच आवडत नसेल, दुसरीकडून आणा. ज्या घरात मासा आवडत नाही म्हणून मुलाला वेगळं वरण केलं गेलं नाही त्या घरातलं हे वाक्य.

नागपंचमीला तर कळस. समोरच्या ब्लॉकमधल्या आजी वाटीत दूध आणि लाह्या घेऊन आल्या, दरवर्षी त्या पाटावर चंदनाने नाग काढून पूजा करायच्या, आता समोरच खरा आहे म्हटल्यावर त्यांना वाटणारच. त्या दिवशी त्यांच्याकडे चिरत नाहीत, तळत नाहीत, तवा चढत नाही, पुरणाची दिंडं उकडतात, सगळं का तर नागाला इजा नको. एवढी माया ज्या सणात आहे त्याच सणाच्या नावाने गारुडी नाग पकडून आणायचे, दात काढायचे, पाण्यावाचून ठेवायचे, मग तहानेने बेजार झालेला नाग समोर येईल ते पातळ पदार्थ म्हणून दूध तोंडात घ्यायचा आणि लोक म्हणायचे बघा पितो. सापाला दूध पचत नाही, त्याच्या आयुष्यात दूध कुठून येणार. मी आजींना एवढंच म्हटलं की ही आफ्रिकेची आहे, हिला फक्त पाणी चालतं, तुम्ही हळद-कुंकू पेटीच्या लाकडाला लावा. त्यांनी लावलं. दूध मी चहात घातलं आणि दिंडं सगळ्यांनी खाल्ली, बटाटा सोडून.

आता माझ्या खात्यातली गोष्ट, ऊब. सोडणाच्या नादात लोक हीटर विसरतात. साप स्वतःची उष्णता तयार करत नाही, पचन चालतं ते पेटीच्या गरम टोकाच्या जिवावर, तिथं ३१-३२ अंश पाहिजेत आणि दुसरं टोक २६ च्या आसपास, म्हणजे तिला हवं तिथं सरकता येईल. उबेशिवाय पोटातला उंदीरच पचत नाही तिथं चिप कुठून पुढे सरकणार. आणि हीट मॅट काचेच्या खालून लावलेली असेल तर वरच्या सोडणाचा थर जाड करायचा नाही, कारण तो थर इन्सुलेशन होतो, वर मोजलं तर २८ आणि खाली काच तापून ४५. साप ऊब शोधत खाली खणत जातो आणि तापलेल्या काचेवर पोट टेकवून बसतो, पोळलं तरी पटकन हलत नाही. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान टिपणारं टोक, सोडणाच्या वर सोडून दिलेला मी एका ठिकाणी पाहिला, त्या मुलाला मी तिथंच उभं राहून लेक्चर दिलं, बिचारा हो काका हो काका करत राहिला. प्रोब मॅट आणि काचेच्या मध्ये, पक्का चिकटवलेला, आणि वरच्या पृष्ठभागाचं तापमान वेगळ्या इन्फ्रारेड गनने बघायचं. थर्मोस्टॅट नसेल तर हीट मॅट लावूच नये, याबाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. डिसेंबरात येऊरकडून गार वारं सुटतं आणि त्यात लाइट गेली तर मी त्या संध्याकाळचं जेवणच पुढे ढकलतो.

खाल्ल्यानंतर दोन दिवस हात लावायचा नाही, हा नियम मला आधी उगाच वाटायचा. मग वाचलं की ब्रह्मदेशी अजगरावर २००५ मध्ये संशोधन झालं, त्यात मोठं जेवण झाल्यावर ४८ तासांत त्याच्या हृदयाच्या कप्प्याचं वस्तुमान ४० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. हृदय वाढतं, आतडं जाडावतं, आणि काम झालं की परत पूर्ववत. बटाटा त्याच कुळातली. आतमध्ये एवढं बांधकाम चालू असताना पाहुण्यांना दाखवायला तिला बाहेर काढणारा मी कोण? भाचे आले होते, मोबाईल काढून तयार. म्हटलं काचेतून घ्या.

पावसाळ्यात सोडणाकडे जरा जास्त लक्ष. बाहेरच एवढा दमटपणा असतो की पेटीत पाणी शिंपडायची गरज नसते, उलट जाळी थोडी उघडी ठेवावी लागते, नाहीतर कोपऱ्यात पांढरी बुरशी येते आणि बारीक किडे फिरायला लागतात. उंदराचं रक्त किंवा केस पडलेली जागा लगेच उचलून टाकायची, तिथंच सडायला सुरुवात होते, आणि दुसरं म्हणजे उंदराचा वास लागलेली चिप बटाटाला खायचीच वस्तू वाटू शकते. पुरवणीचा इथं खरा उपयोग, डाग पडला की पान गुंडाळून बाहेर. संपादकांना वाईट वाटू नये.

परवा विष्ठा सापडली, टोपल्याच्या मागे. हातमोजे घालून ती कागदावर घेतली, टॉर्च लावला, चिमट्याने उलगडली. उंदराचे केस, पांढरा युरेटचा गोळा (सापाची लघवी अशी घट्टच येते), आणि मधोमध सोडणाचे दोन तपकिरी तुकडे, गेले तसेच आलेले. जेवताना मला एकही आत जाताना दिसला नव्हता. वर मोबाईल धरून नीट फोकस करून फोटो काढला, खाली लिहिलं 'दोन पीस, दोन्ही क्लिअर', आणि मुलाला पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, "बाबा, मी मेसमध्ये जेवतोय." म्हटलं सावकाश जेव. ही मागून म्हणाली, भात पुरेसा घेतलाय का विचारा त्याला.